रहस्यकथाकाराचा कामाचा दिवस आणि मराठी वाङ्मयाभ्यास

मराठी विभागांतून सादर होणाऱ्या प्रबंधांचा एक साचा गेल्या काही दशकांत रूढ झाला आहे. ‘अमुक लेखक : व्यक्ती आणि वाङ्मय’ हे त्याचे शीर्षक असते. पहिल्या प्रकरणात लेखकाचा जन्म, घराणे, शिक्षण, नोकरी, विवाह आणि मिळालेले पुरस्कार यांची नोंद होते. दुसऱ्या प्रकरणापासून वाङ्मयाचा विचार सुरू होतो आणि मग पहिल्या प्रकरणाची आठवण उपसंहारापर्यंत कोणालाही राहत नाही. लेखक सकाळी किती वाजता लिहायला बसत होता, हस्तलिखित कोणाच्या हाती देत होता, त्याचे पैसे कधी व कसे मिळत होते, एक पुस्तक संपल्यावर दुसरे सुरू करण्याआधी किती दिवस मोकळे जात होते, हे प्रश्न ‘व्यक्ती’ या सदरातही बसत नाहीत आणि ‘वाङ्मय’ या सदरातही बसत नाहीत. कवीच्या किंवा लघुकथाकाराच्या बाबतीत ही उणीव कदाचित खपून जाते. रहस्यकथाकाराच्या बाबतीत मात्र ती सारा अभ्यासच पोकळ करून टाकते. कारण त्याच्या पुस्तकाचे रूप त्याच्या दिवसक्रमातून घडलेले असते.

या विधानाची कसोटी पाहण्यासाठी बाबूराव अर्नाळकर यांच्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. झुंझार, धनंजय आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांची नावे मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना पाठ होती. १९९६ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी जे काही लिहिले जाते त्यात एक गोष्ट हटकून येते : त्यांनी हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. हा आकडा बहुधा १०४२ असा दिला जातो आणि त्याला गिनेस बुकाचा आधार जोडला जातो. त्यानंतर लेख पुढे सरकतो. एवढा मोठा आकडा सांगितल्यावर आणखी काही सांगण्याची गरज उरत नाही, अशी लेखकाची आणि वाचकाचीही समजूत होते. विक्रमाकडे तोंड वासून पाहायचे असते. त्याचे स्पष्टीकरण मागायचे नसते.

परंतु हाच आकडा वेगळ्या दृष्टीने पाहता येतो. लेखनाचा काळ सलग पन्नास वर्षांचा धरला, तर १०४२ पुस्तके म्हणजे वर्षाला जवळजवळ एकवीस. म्हणजे साडेसतरा दिवसांत एक. पुस्तक सरासरी शंभर छापील पानांचे मानले, तर रोज साडेपाच ते सहा पाने होतात. छापील पानावर अडीचशे शब्द धरले, तर रोजचे चौदाशे शब्द. त्यात गणपती नाहीत, दिवाळी नाही, घरातले आजारपण नाही, लग्नकार्य नाही. यांतील पुष्कळ पुस्तके आकाराने लहान आहेत आणि लेखनाचा काळही सर्वत्र सारख्या वेगाचा नसणार; तेव्हा हा हिशेब ढोबळ आहे. पण ढोबळ असूनही तो एक काम करतो. हजार हा आकडा त्यामुळे विक्रमाच्या यादीतून उचलून वेळापत्रकात आणून ठेवता येतो. असे वेळापत्रक पाळणाऱ्या माणसाचा दिवस कसा होता, हा प्रश्न मग कुतूहलाचा राहत नाही. तो वाङ्मयीन प्रश्न होतो.

तो वाङ्मयीन कसा, हे पाहण्यासाठी छापखान्यात जावे लागेल. खिळ्यांच्या जुळणीच्या काळात पुस्तक हे फॉर्मांनी मोजले जाई. सोळा पानांचा एक फॉर्म. पाच फॉर्मांचे पुस्तक ऐंशी पानांचे, सहांचे शहाण्णव, सातांचे एकशे बारा. कागदाची खरेदी, छपाईचा दर आणि पुस्तकाची किंमत या तिन्ही गोष्टी फॉर्मांवर ठरत. सातव्या फॉर्मात तीन पाने लिहून कथा संपली तर उरलेली तेरा पाने प्रकाशकाच्या अंगावर पडणार. म्हणून कथा फॉर्मातच संपवावी लागे, किंवा उरलेल्या पानांवर आगामी पुस्तकांच्या जाहिराती टाकाव्या लागत. रहस्यकादंबऱ्यांचे शेवट घाईचे असतात, गुन्हेगाराचा कबुलीजबाब दोन पानांत उरकलेला असतो, अशी तक्रार समीक्षक करतात. ती खरी आहे. पण त्या घाईचे कारण लेखकाच्या प्रतिभेच्या मर्यादेत शोधण्यापूर्वी पानांची संख्या सोळाने भागून पाहायला काय हरकत आहे? ज्या पुस्तकात शेवट घाईचा आहे आणि पुस्तक बरोबर शहाण्णव पानांचे आहे, तेथे निष्कर्ष एक निघेल. जेथे शेवट घाईचा असून अखेरीस सहा पाने जाहिरातींची आहेत, तेथे निष्कर्ष वेगळा निघेल. ही तपासणी पदव्युत्तर वर्गातील कोणताही विद्यार्थी करू शकतो.

प्रकरणांच्या अखेरीस येणारा धक्का, पुन्हापुन्हा येणारे ठरीव वाक्प्रयोग, संवादांचे प्राबल्य आणि वर्णनांची काटकसर या साऱ्यांचा विचारही असाच करता येतो. संवाद लिहायला वर्णनापेक्षा कमी वेळ लागतो आणि छापल्यावर तो अधिक जागा घेतो. नायक ठरलेला असला की त्याची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. पहिली दहा पाने वाचतात. धनंजयासोबत छोटू आला की वाचक घरच्या माणसांत येतो आणि लेखकही येतो. मालिकेतील नायक हा वाचकाच्या सोयीसाठी असतो असे म्हटले जाते. तो लेखकाच्याही सोयीसाठी असतो, किंबहुना आधी लेखकाच्याच. सुताराने माप एकदा आखून ठेवावे आणि त्यावर पुढच्या फळ्या कापाव्यात, तसा त्याचा उपयोग आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : अशा रीतीने तयार होणाऱ्या वस्तूला वाङ्मय कसे म्हणावे? हा आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण १९४५ नंतरच्या मराठी समीक्षेचा मोठा भाग त्यावर उभा आहे. बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराने साहित्यकृतीची स्वायत्तता ठसवली. त्यानंतर ‘निर्मितिप्रक्रिया’ हा शब्द आपल्या चर्चेत स्थिरावला, पण तो स्थिरावला प्रामुख्याने कवीच्या अनुभवाच्या आधाराने. अनुभव येतो, तो मनात मुरतो, एका अवचित क्षणी त्याला आकार लाभतो, असे त्या प्रक्रियेचे चित्र आहे. त्यात छापखान्याचा माणूस दारात उभा असलेला दिसत नाही. महिन्याच्या पाच तारखेला हस्तलिखित दिले नाही तर घरभाडे थकेल, ही गोष्ट त्या चित्रात वाङ्मयबाह्य ठरते. तेव्हा रहस्यकथाकाराला निर्मितिप्रक्रियाच नसते, अशा विचित्र निष्कर्षाला आपण नकळत येऊन पोचतो.

वस्तुतः मराठी कादंबरीच्या आरंभाचा इतिहासच या निष्कर्षाच्या विरुद्ध साक्ष देतो. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी त्या साप्ताहिकातून क्रमशः छापली गेली. दर आठवड्याला मजकूर देण्याचे बंधन त्यांच्यावर होते. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या आणि काहींचा पसारा आवरत नाही, याचा या बंधनाशी असलेला संबंध अभ्यासकांनी दाखवलेला आहे. परंतु त्यावरून आपट्यांना कोणी वाङ्मयाबाहेर काढले नाही. मुदतीचे बंधन हरिभाऊंच्या बाबतीत ऐतिहासिक परिस्थिती ठरते आणि अर्नाळकरांच्या बाबतीत धंदेवाईकपणा ठरतो. हा भेद गुणवत्तेवरून केला जातो असे सांगितले जाईल. तसे असेल तर गुणवत्तेची चर्चा पुस्तके वाचून करावी; मुदतीचा दाखला त्या चर्चेत आणू नये. इंग्रजीत अँथनी ट्रोलोप यांनी टपाल खात्यातील नोकरी सांभाळून, घड्याळ समोर ठेवून, दर पाव तासाला अडीचशे शब्द या हिशेबाने लेखन केले आणि आत्मचरित्रात ते मोकळेपणाने सांगितले. १८८३ मध्ये ते आत्मचरित्र बाहेर आल्यावर त्यांची प्रतिष्ठा खालावली, असे इंग्रजी वाङ्मयाचे इतिहासकार सांगतात. कादंबऱ्या तेव्हाही त्याच होत्या.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. रहस्यकादंबऱ्यांपैकी बहुसंख्य पुस्तके आज वाचवत नाहीत. त्यांतील योगायोग बालिश आहेत, स्त्रीपात्रे बहुधा संकटात सापडण्यापुरती आहेत आणि भाषा पुष्कळदा अनुवादाची जोड लावलेली, उसनी वाटते. या वाङ्मयाला न्याय देण्याच्या भरात त्याचे गोडवे गाण्याची एक प्रवृत्ती अलीकडे दिसते. तीही घातक आहे. शालेय पुस्तकात दडवून झुंझार वाचल्याच्या आठवणी मान्यवर लेखक मोठ्या प्रेमाने सांगतात. त्या आठवणी वाचनीय असतात, पण त्या वाचकाच्या बालपणाबद्दल असतात. लेखक त्यात कोठेच नसतो. ज्या दिवशी तो मुलगा दप्तरात पुस्तक लपवत होता, त्या दिवशी ते लिहिणारा माणूस पुढच्या पुस्तकाच्या कितव्या पानावर होता, याचे कोणाला काही वाटलेले दिसत नाही.

रहस्यकथाकाराचा दिवस म्हटला की एकच चित्र डोळ्यांपुढे आणणेही बरोबर नाही. मराठीतच त्याचे निदान दोन-तीन निरनिराळे नमुने आहेत. अर्नाळकर हे मुंबईचे लेखक. खिळ्यांच्या छापखान्याचे आणि गिरगाव-परळ भागांतील, दिवसावारी भाडे घेऊन पुस्तके देणाऱ्या वाचनालयांचे. गुरुनाथ नाईक मूळचे गोव्यातील साखळीचे. ‘कॅप्टन दीप’ हा त्यांचा सर्वांत गाजलेला नायक, पण त्याच्या जोडीला गोलंदाज, शिलेदार अशा अनेक मालिका त्यांनी एकाच वेळी चालवल्या. त्यांच्या नावावर बाराशेच्या आसपास कादंबऱ्या सांगितल्या जातात. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. एका नायकावर पुस्तकामागून पुस्तक लिहिणे हे एक काम; चार-पाच नायकांना आळीपाळीने महिन्याच्या महिन्याला बाजारात उतरवणे हे दुसरे. दुसऱ्या कामाला स्मरणाची वेगळी शिस्त लागते. कोणत्या नायकाच्या हाताखाली कोण आहे, कोणाचे लग्न झाले आहे, कोण मागच्या पुस्तकात जखमी झाला होता, याची नोंद कोठेतरी असणार. डोक्यात असेल, वहीत असेल, किंवा मुळीच नसेल. नसेल तर विसंगती सापडतील आणि त्या विसंगतींवरून लेखनाचा वेग ताडता येईल. पाठचिकित्सेचे शास्त्र आपण संतवाङ्मयाच्या पोथ्यांवर शिकतो. त्याचा असाही उपयोग आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

तिसरा नमुना पुण्याचे सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांचा. बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी हे नायक घेऊन त्यांनी रहस्यकादंबऱ्या लिहिल्या आणि नंतर ते सामाजिक कादंबरीकडे वळले. १९८२ मधील ‘दुनियादारी’ महाविद्यालयीन वाचकांनी डोक्यावर घेतली. २०१३ मध्ये तिच्यावर चित्रपट आला आणि तेव्हापासून परिसंवादांत त्यांचे नाव निघू लागले. त्यांच्याविषयीच्या चर्चेत रहस्यकादंबऱ्यांचा काळ ‘उमेदवारीचा’ म्हणून बाजूला ठेवला जातो. हे मूल्यमापन उलट बाजूने तपासण्याजोगे आहे. ‘दुनियादारी’तील संवादांची चपळाई, प्रसंग तोडण्याची जागा, पात्र दोन ओळींत उभे करण्याची सवय हे सारे कोठे कमावले गेले? दर महिन्याला नवी कथा द्यावी लागणाऱ्या लेखकाच्या हातालाच अशी सवय लागते. उमेदवारी म्हणून तो काळ गाळला तर पुढच्या कादंबरीचे शिल्प आकाशातून पडल्यासारखे वाटेल.

हिंदीतील सुरेंद्र मोहन पाठक यांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या कारखान्यातील नोकरी सांभाळून त्यांनी तीनशेच्या घरात कादंबऱ्या लिहिल्या आणि वयाच्या उत्तरार्धात आत्मचरित्राचे खंड प्रसिद्ध केले. प्रकाशकांचे व्यवहार, कागदाचा दर्जा, लेखकाच्या नावाची चोरी, मिळालेले आणि बुडालेले पैसे हे सारे त्यांत आले आहे. लेखनाच्या धंद्याचा असा आतून लिहिलेला वृत्तांत हा वाङ्मयेतिहासाचा कच्चा माल असतो. मराठीत आत्मचरित्रांची उणीव नाही. त्यांत प्रकाशकाने प्रत्यक्ष दिलेल्या रकमेचा आकडा मात्र क्वचित सापडतो. पैशांविषयी बोलणे आपल्याकडे लेखकाला शोभत नाही असे मानले जाते. ज्याचे सारे लेखन पैशांच्या तारखांवर चालले, त्याच्या बाबतीत हा संकोच अभ्यासाच्या मुळावर येतो.

रूपांतराचा प्रश्नही असाच दिवसक्रमाशी निगडित आहे. मराठी रहस्यकथा इंग्रजीवरून उचललेली आहे, हा दुसरा ठरलेला आक्षेप. उचललेली आहे यात शंका नाही, आणि ही परंपरा अर्नाळकरांच्या बरीच आधीची आहे. गोविंद नारायण दातारशास्त्री (१८७३–१९४१) यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. ‘बंधुद्वेष’, ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवन गुहा’ यांचे वाचक आजही भेटतात. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’चे मूळही रेनॉल्ड्समध्येच आहे. पण दातारशास्त्री ज्या निवांतपणे परक्या कथेला मराठी राजवाड्याचा आणि भुयारांचा पोशाख चढवतात, तो निवांतपणा साडेसतरा दिवसांच्या लेखकाजवळ नसतो. त्यामुळे त्याच्याकडे मुळाचे तुकडे जसेच्या तसे राहून जातात. मुंबईतल्या बंगल्यात परदेशी रिवाज वावरतो, इन्स्पेक्टर लंडनच्या थाटात बोलतो, आणि मध्येच एखादे वाक्य अस्सल चाळीतले येते. या सांध्यांना दोष म्हणून खूण करून पुढे जाण्यापेक्षा त्यांची नोंद ठेवली, तर लेखकाने कोठे थांबून विचार केला आणि कोठे तो तसाच पुढे गेला, हे कळू शकेल. तुलनात्मक साहित्याभ्यास या नावाने चालणाऱ्या अभ्यासक्रमाला याहून चांगले स्वाध्यायाचे साहित्य मिळणे कठीण आहे.

अन्य भाषांतील विद्यापीठीय अभ्यास या बाबतीत पुढे गेला आहे. बंगालीत ब्योमकेश बक्षी आणि फेलुदा यांच्यामुळे गुप्तहेरकथेला प्रतिष्ठा लाभली हे खरे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की भाषाशास्त्राचे प्राध्यापक आणि बंगाली साहित्याचे इतिहासकार सुकुमार सेन यांनी १९८८ मध्ये गुन्हेकथांचा इतिहास सांगणारा ‘क्राइम काहिनीर कालक्रांती’ हा ग्रंथ स्वतः लिहिला. चर्यापदांवर काम करणाऱ्या विद्वानाला त्यात कमीपणा वाटला नाही. फ्रांचेस्का ओर्सिनी यांनी ‘प्रिंट अँड प्लेझर’ या २००९ च्या ग्रंथात उत्तर भारतातील हिंदी-उर्दू रंजनपर पुस्तकांचा विचार मुद्रण, किंमत, वाचक आणि प्रकाशक यांच्या संदर्भात केला. मराठीत हे काम व्यक्तिगत आवडीवर सोडले गेले. येथे एक विरोधाभास नोंदवण्यासारखा आहे. चंद्रकांत काकोडकर हे रहस्यकथाकार नव्हेत, पण त्याच बाजारातले आणि तितकेच वाचले जाणारे कादंबरीकार. त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. त्या निकालासाठी न्यायमूर्तींना ती कथा वाचावी लागली आणि तिच्या वाङ्मयीन हेतूंबद्दल मत द्यावे लागले. लोकप्रिय मराठी कथा बारकाईने वाचण्याचे काम असे विद्यापीठाच्या आधी न्यायालयाने केले.

हा अभ्यास लांबणीवर टाकता येत नाही, याचे कारण कागद आहे. या पुस्तकांना वापरलेला हलका कागद लाकडाच्या लगद्यापासून यंत्राने बनवलेला असतो. त्यात आम्ल राहते, तो पिवळा पडतो आणि मग घडीवर तुटतो. बांधणीच्या तारेच्या पिना गंजतात आणि आजूबाजूचा कागद खातात. त्यात भाड्याच्या वाचनालयाची प्रत शेकडो हातांतून गेलेली असते. दुसऱ्या बाजूला कायदा आहे. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे प्रताधिकार टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. १९९२ मध्ये ती वाढवली गेली ती मुख्यतः रवींद्रनाथांच्या ग्रंथांकडे पाहून, आणि तिचा लाभ काळा पहाडालाही मिळाला. त्यामुळे अर्नाळकरांची पुस्तके २०५६ च्या अखेरीपर्यंत आणि नाईकांची २०८१ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहेत. लेखकाने हक्क एकरकमी विकले असतील, प्रकाशनसंस्था बंद पडली असेल आणि कागदपत्रे उरली नसतील, तर पुनर्मुद्रणाची परवानगी मागायची कोणाकडे हेच कळत नाही. पण जतनाची वाट कायद्याने बंद केलेली नाही. ज्या बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाजवळ पुस्तकाची छापील प्रत आहे, त्याला जतनासाठी तिची संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिलेली आहे. विद्यापीठ ग्रंथालयांनी ती या पुस्तकांसाठी वापरावी, अशी मागणी मराठी विभागांकडूनच व्हायला हवी. ग्रंथपाल आपण होऊन झुंझारची प्रत जपून ठेवील ही अपेक्षा चुकीची आहे. त्याला तसे कोणी सांगितलेले नाही.

साधनांचा दुसरा साठा गावोगावच्या ग्रंथालयांत आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रात अनुदानावर चालणाऱ्या लहान ग्रंथालयांचे जाळे पसरले. त्यांना दाखल पुस्तकांची नोंदवही ठेवावी लागते आणि बाद केलेल्या पुस्तकांचीही. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव मराठीच्या अभ्यासकाला संभाजी महाराजांच्या समाधीमुळे आणि पर्यायाने ‘छावा’, ‘संभाजी’ यांसारख्या ऐतिहासिक कादंबऱ्यांमुळे ठाऊक असते. त्या कादंबऱ्यांवर प्रबंध झाले, यापुढेही होतील. परंतु अशा एखाद्या गावातले, किंवा शिरूर-दौंडच्या बाजारपेठेतले वाचक गेल्या पन्नास वर्षांत प्रत्यक्षात काय घरी नेत होते, हे कोणी पाहिले आहे काय? ऐतिहासिक कादंबरी आणि रहस्यकादंबरी यांचा वाचक एकच होता की वेगळा, या प्रश्नावर आपल्याकडे ठाम मते पुष्कळ आहेत. देवघेवीची एक वही मिळाली तरी त्यांतील काही मते बदलावी लागतील. ग्रामीण भागातील महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला हे काम पुण्या-मुंबईच्या संशोधकापेक्षा अधिक सहज जमेल. त्याचा विद्यार्थी त्याच गावातून एस.टी.ने येतो.

घरातील माणसांशी बोलण्याचे कामही राहून गेले आहे. रोजचे चौदाशे शब्द लिहिणाऱ्या माणसाच्या घरात मुलांना गप्प कोण बसवत होते, मजकुराची स्वच्छ प्रत कोण करत होते, मुद्रिते कोण तपासत होते आणि प्रकाशकाच्या माणसाला ‘उद्या या’ असे कोण सांगत होते? या श्रमांची नोंद शीर्षकपृष्ठावर होत नाही. जुळारी, बांधणी करणारे, वाचनालयांचे मालक यांच्यापैकी जे हयात आहेत ते आता वृद्ध आहेत. त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. एका प्रकल्पाऐवजी वर्गातील दहा विद्यार्थ्यांचे दहा स्वाध्याय पुरतील.

तिसरे साधन सर्वांत नीरस आहे आणि म्हणूनच बहुधा सर्वांत विश्वसनीय. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या दोन खंडांवरून १९५० पर्यंतच्या पुस्तकांचा माग काढता येतो. त्यापलीकडे सरकारी नोंदी आहेत. १८६७ च्या मुद्रणालये व ग्रंथनोंदणी कायद्यानुसार प्रत्येक छापलेल्या पुस्तकाची नोंद सरकारकडे व्हावयाची आणि तिमाही याद्या प्रसिद्ध व्हावयाच्या. रहस्यकादंबऱ्यांच्या अंगावर प्रकाशनवर्ष पुष्कळदा छापलेले नसते. या यादीत मात्र पुस्तक बाहेर पडल्याची तारीख असते, पृष्ठसंख्या असते, आवृत्ती असते, छापलेल्या प्रतींची संख्या असते, किंमत असते. कायदा मोडणारे प्रकाशक असणार आणि त्यामुळे याद्या अपुऱ्या असणार, हे गृहीत धरले पाहिजे. तरीही एका लेखकाच्या नावापुढील तारखा क्रमाने मांडल्या, की त्याच्या लेखनाच्या दिवसांचा आराखडा उभा राहतो : कोणत्या वर्षी तो दर पंधरवड्याला एक पुस्तक देत होता, कोणत्या वर्षी तीन महिने काहीच आले नाही, किंमत वाढली तेव्हा पाने वाढली की घटली. २०२३ च्या नव्या नियतकालिक नोंदणी कायद्याने १८६७ चा कायदा रद्द झाला आणि पुस्तके त्या नोंदणीतून वगळली गेली; पुढच्या काळातील लेखकांसाठी हे साधन उपलब्ध असणार नाही. जे आहे ते मागचेच आहे. या याद्यांत अखेरचा एक रकाना आहे, तो प्रताधिकाराच्या मालकाच्या नावाचा आणि राहण्याच्या ठिकाणाचा. कोणत्या वर्षापर्यंत त्या रकान्यात लेखकाचे नाव येते आणि कोणत्या वर्षापासून प्रकाशकाचे, हे अर्नाळकरांच्या बाबतीत प्रथम पाहावे.